निर्दोष, तरीही बंदिवान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर गेली पन्नास वर्षे संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवचरित्र अशा विषयांवर मोठमोठ्या विद्वानांनी व्याख्याने दिली आहेत. त्या परंपरेत आजचा माझा विषय थोडा निराळा वाटेल. मी वकील नाही. कला शाखेचा पदवीधर, केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्य घालवलेला आणि बदल्यांच्या निमित्ताने अनेक प्रांतांचे पाणी प्यालेला एक गृहस्थ आहे. येथे मी शासनाच्या वतीनेही बोलत नाही. वाचनाच्या छंदातून एक प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे घर करून बसला आहे, तो आपल्यापुढे मांडावा एवढाच हेतू आहे.

प्रश्न असा : न्यायालयाने ज्याला निर्दोष ठरवले, त्याच्या सुटकेसाठी दयेची याचना कोणी करायची?

प्रश्न चमत्कारिक वाटतो. निर्दोष सुटलेल्या माणसाला दया कशाला हवी? तो तर कचेरीच्या पायऱ्या उतरून थेट घरी जाणार! परंतु एक निर्दोषत्व असे आहे की, ज्याच्या मागोमाग कुलूप येते. कृत्य याच्याच हातून घडले, पण त्या वेळी त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते, आपण काय करतो आहोत हे त्याला उमगत नव्हते, म्हणून तो गुन्हेगार नव्हे, असा निकाल जेव्हा लागतो, तेव्हा त्या माणसाला घरी पाठवत नाहीत. त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवले जाते. किती दिवस? ते मात्र निकालपत्रात लिहिलेले नसते.

याची कुळकथा आपल्याला लंडनमध्ये नेते. १५ मे १८०० रोजी ड्रूरी लेन नाट्यगृहात तिसरा जॉर्ज राजा नाटक पाहण्यास आला असता जेम्स हॅडफील्ड नावाच्या माजी सैनिकाने त्याच्यावर पिस्तूल झाडले. नेम चुकला, राजा बचावला. हॅडफील्डच्या डोक्यावर १७९४ सालच्या फ्रान्सविरुद्धच्या लढाईत तलवारीचे भयंकर वार झाले होते आणि तेव्हापासून त्याच्या बुद्धीला भ्रंश झाला होता. आपण सरकारच्या हातून मेलो म्हणजे जगाचा उद्धार जवळ येईल, अशी त्याची ठाम समजूत होती. आणि सरकारच्या हातून मरण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग त्याने शोधला होता.

राजद्रोहाचा खटला उभा राहिला. थॉमस अर्स्किन या नामांकित वकिलाने बचाव केला. साक्षी ऐकता ऐकता सरन्यायाधीश लॉर्ड केन्यन यांचीच खात्री पटली आणि त्यांनी खटला मध्येच थांबवला. या माणसाला फासावर देता येत नाही आणि रस्त्यावर मोकळेही सोडता येत नाही, असा पेच होता. तेव्हा ज्यूरीने नुसते ‘निर्दोष’ न म्हणता, कृत्याच्या वेळी आरोपी वेडाच्या अंमलाखाली होता, हे कारणही निकालात नमूद केले. ज्या बारा सामान्य नागरिकांनी हे कारण लिहून दिले, त्यांनी एका दुर्दैवी सैनिकाचे प्राण वाचवले. पण त्याच कारणाच्या आधारावर ब्रिटिश पार्लमेंटने अवघ्या महिन्याभरात नवा कायदा केला : अशा निकालानंतर आरोपीला राजाची मर्जी असेपर्यंत बंदोबस्तात ठेवावे. हा कायदा हॅडफील्डलाही मागाहून लागू होईल, अशी तजवीज त्यात केलेली होती. हॅडफील्ड बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात गेला. मध्यंतरी १८०२ मध्ये तो पळाला, डोव्हर बंदरापाशी पकडला गेला, आणि पुढे न्यूगेटचा तुरुंग व पुन्हा बेथलेम असे करीत १८४१ साली बंदिवासातच वारला. निर्दोष ठरल्यानंतरची एकेचाळीस वर्षे!

ज्यूरीचे ते बारा जण मात्र त्याच दिवशी घरी गेले. माझ्या विषयाचे मर्म येथेच आहे.

दुसरे उदाहरण आपल्या भारतीय कायद्याच्या दृष्टीने अधिक जवळचे आहे. २० जानेवारी १८४३ रोजी डॅनियल मॅक्नॉटन या स्कॉटिश सुताराने लंडनमध्ये एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खाजगी चिटणीस. पाच दिवसांनी त्यांचा अंत झाला. सत्ताधारी टोरी पक्षाचे लोक आपला सतत पाठलाग करीत आहेत, आपला जीव घेणार आहेत, या भ्रमाने मॅक्नॉटन पछाडला होता. मार्च महिन्यात खटला चालला, डॉक्टरांच्या साक्षी एकमुखी झाल्या, आणि ज्यूरीने आपल्या जागेवरून न उठताच वेडाच्या कारणास्तव निर्दोष असा निकाल दिला. लोकांत संतापाची लाट उसळली. व्हिक्टोरिया राणीलाही हा निकाल रुचला नाही. लॉर्डांच्या सभागृहाने न्यायाधीशांना प्रश्न विचारले, आणि त्यांच्या उत्तरांतून जे नियम सिद्ध झाले ते मॅक्नॉटन नियम म्हणून जगभर गेले. आपल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ८४ वे कलम त्याच मुशीतले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतील २२ वे कलम हे त्याचेच वंशज होय.

नियम प्रसिद्ध झाला. माणूस विस्मृतीत गेला. मॅक्नॉटन बेथलेममध्ये वीस वर्षांहून अधिक काळ राहिला, १८६४ साली ब्रॉडमूरच्या नव्या इस्पितळात हलवला गेला आणि पुढल्याच वर्षी तेथे मरण पावला. त्याच्या नावाचा उच्चार कायद्याचे विद्यार्थी रोज करतात. पण त्या नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

आता एक शंका आपल्या मनात येईल. ज्या ज्यूरीला कणव आली, तिला पुढेही काही बोलता येत नाही काय? इंग्लंडच्या जुन्या प्रथेप्रमाणे आरोपी दोषी ठरला तर ज्यूरीला दयेची शिफारस जोडता येत असे. ही शिफारस बंधनकारक मात्र नव्हती. १९५२ च्या डिसेंबरात डेरेक बेंटली या एकोणीस वर्षांच्या, बुद्धीने अतिशय मंद अशा तरुणाला पोलीस शिपायाच्या खुनाबद्दल दोषी ठरवताना ज्यूरीने दयेची शिफारस केली होती. गोळी त्याच्या हातून सुटली नव्हती. ती त्याच्या सोळा वर्षांच्या साथीदाराने झाडली होती. गृहमंत्र्यांनी शिफारस मानली नाही, आणि २८ जानेवारी १९५३ रोजी बेंटलीला फाशी झाली. १९९८ साली वरिष्ठ न्यायालयाने त्याची दोषसिद्धीच रद्द केली. पंचेचाळीस वर्षांनी ज्यूरीचा शब्द खरा ठरला, पण तो ऐकायला बेंटली उरला नव्हता.

निदान बेंटलीसाठी दया मागण्याची सोय तरी होती. वेडाच्या कारणाने निर्दोष ठरलेल्यासाठी ज्यूरीला तेवढीही सोय नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने त्याला शिक्षा झालेलीच नसते. शिक्षाच नाही, तर सूट कशातून मागायची? दरोडेखोराला दहा वर्षांची सजा होते. तो भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजतो आणि अकराव्या वर्षी बाहेर पडतो. ज्याला गुन्हेगार म्हणता येत नाही, अशा या माणसाला मात्र मोजायला आकडा नसतो. ज्यूरीतील एखाद्या सभासदाला पुढे पश्चात्ताप झाला, ‘आम्ही त्याला वाचवले की पुरले?’ असे वाटले, तरी तो केवळ एक नागरिक म्हणून अर्ज करू शकतो.

हा विरोधाभास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८३ साली स्पष्टपणे आला. वॉशिंग्टनमधल्या एका दुकानातून जाकीट चोरण्याचा प्रयत्न केल्याबद्दल एका माणसावर खटला झाला होता. गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा एक वर्षाची. वेडाच्या कारणाने तो निर्दोष ठरला आणि वर्षापेक्षा कितीतरी अधिक काळ इस्पितळात अडकला. पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने सांगितले की, ही शिक्षा नव्हे, त्यामुळे शिक्षेची कमाल मर्यादा येथे लागू होत नाही. पुढे १९९२ साली त्याच न्यायालयाने एक दार किलकिले केले : मनोविकार बरा झाल्यावर, केवळ हा माणूस धोकादायक असू शकेल एवढ्या कारणासाठी त्याला डांबून ठेवता येणार नाही. परंतु १९९४ साली असेही ठरले की, अशा निकालानंतर आरोपीचे काय होते, हे ज्यूरीला सांगण्यास तेथील केंद्रीय न्यायालये सर्वसाधारणपणे बांधलेली नाहीत. म्हणजे ज्यांच्या हाती निकाल आहे, त्यांना निकालाचा अर्थच ठाऊक नसला तरी चालेल!

श्रोतेहो, नाण्याची दुसरी बाजू मी लपवणार नाही. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या जॉन हिंक्लीला जून १९८२ मध्ये ज्यूरीने वेडाच्या कारणास्तव निर्दोष ठरवले, तेव्हा देशभर क्षोभ उसळला. ज्यूरीतील काही सभासदांना काही दिवसांतच सिनेटच्या उपसमितीपुढे आपली भूमिका मांडावी लागली. १९८४ साली कायदा कडक झाला. हिंक्ली २०१६ मध्ये अटींवर इस्पितळाबाहेर आला आणि २०२२ च्या जूनमध्ये पूर्णपणे मुक्त झाला. पण त्या दिवशी डोक्यात गोळी लागलेले जेम्स ब्रेडी हे जन्माचे पंगू झाले आणि २०१४ साली वारले. ब्रेडींच्या कुटुंबाला दयेचे प्रवचन ऐकवण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. समाजाचे रक्षण हे न्यायाचे पहिले कर्तव्य आहे, आणि ज्याचे चित्त अद्याप सावरलेले नाही त्याला मोकळे सोडणे ही त्याच्यावरही दया नव्हे. म्हणून सर्वांना सोडून द्या, अशी माझी मागणी नाही. वेळोवेळी कोणीतरी दार उघडून आत पाहावे, आणि माणूस बरा झाला असेल तर तसे मोठ्याने सांगावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. ज्यूरी आपल्याकडेही होती. मुंबईतला १९५९ सालचा नानावटी खटला आणि त्यातील ज्यूरीचा आठ विरुद्ध एक असा निकाल घरोघर चर्चिला गेला होता, हे येथील ज्येष्ठांच्या स्मरणात असेल. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्यूरीची पद्धत संपुष्टात आणली. तेव्हा मनोविकल आरोपीविषयी निकाल देणारे पंच आपल्याकडे आता नाहीत. एकटे न्यायाधीश आहेत, आणि त्यांच्यापुढे उद्या नवा खटला आहे. मग आत राहिलेल्याची आठवण कोणी ठेवायची?

कायद्याने याचे उत्तर दिले आहे, आणि ते उत्तर फार बोलके आहे. पूर्वीच्या संहितेचे ३३५ वे आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३७४ वे कलम म्हणते की, अशा व्यक्तीला सुरक्षित ठिकाणी ठेवावे, किंवा तिच्या नातेवाइकाच्या अथवा मित्राच्या स्वाधीन करावे. स्वाधीन करायचे तर त्या नातेवाइकाने किंवा मित्राने अर्ज केला पाहिजे, जामीन दिला पाहिजे, नीट सांभाळ करीन, कोणाला इजा होऊ देणार नाही आणि सांगितल्या वेळी हजर करीन, अशी हमी दिली पाहिजे. तुरुंगाचे महानिरीक्षक किंवा इस्पितळाचे अभ्यागत यांनी हा माणूस सोडण्यास योग्य आहे असे प्रमाणित केल्यास शासनाने त्याचा विचार करावा, त्यासाठी एक न्यायिक आणि दोन वैद्यकीय अधिकारी यांचे मंडळ नेमता यावे, अशीही तरतूद आहे.

‘नातेवाईक किंवा मित्र’ हे दोन शब्द कृपया ध्यानात ठेवा. ज्याला हे दोघेही नाहीत, त्याचे काय होते, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत वाचायला मिळते. हजारीबागच्या मध्यवर्ती तुरुंगातील कैद्यांविषयी तेथील एका विधिसाहाय्य समितीने पत्र पाठवले आणि १९८२ साली न्यायमूर्ती भगवती यांच्यापुढे ते प्रकरण आले. मनोविकल म्हणून अडकलेले, पुढे बरे झालेले आणि तरीही वीस-वीस, तीस-तीस वर्षे आतच राहिलेले लोक त्यात होते. त्याच सुमारास मुझफ्फरपूरच्या रुदुल साह यांचे प्रकरण उघडकीस आले. ३ जून १९६८ रोजी निर्दोष ठरलेले हे गृहस्थ १६ ऑक्टोबर १९८२ रोजी बाहेर आले. का ठेवले होते? तर शासनाचे उत्तर, ते वेडे होते! त्याला वैद्यकीय पुरावा मात्र काहीच नव्हता. १ ऑगस्ट १९८३ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी आधी दिलेल्या पाच हजारांखेरीज आणखी तीस हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. घटनेच्या ३२ व्या कलमाखाली भरपाई देण्याचा मार्ग या निकालाने खुला केला, आणि तो पुण्याच्या एका सुपुत्राच्या लेखणीतून उतरला, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

दुसरे नाव शीला बारसे यांचे. मुंबईत पत्रकारिता करणाऱ्या या बाईंनी तुरुंगांतील स्त्रिया, मुले आणि मनोरुग्ण यांच्यासाठी न्यायालयाची दारे पुन्हा पुन्हा ठोठावली. त्यांच्याच प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, ज्यांच्यावर कोणताही आरोप नाही अशा मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आणि घटनाबाह्य आहे. ते कैदी होते बंगालचे! बाईंचे त्यांच्याशी ना रक्ताचे नाते, ना भाषेचे. कायद्याला अभिप्रेत असलेला ‘मित्र’ तो हाच असावा.

आणि आसामातली ती हकीकत. १९५१ साली अटक झालेला एक आदिवासी तरुण तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला गेला. १९६७ साली तो बरा असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले. त्याला घरी धाडण्याऐवजी गुवाहाटीच्या तुरुंगात धाडले. खटला कधी चाललाच नाही. २००५ साली, चोपन्न वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो सुटला. एक रुपया! इतकी वर्षे तो भरण्यासाठी कोणी आले नव्हते.

महाराष्ट्रात आपण सहज थट्टेने म्हणतो, ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला नेऊन सोडा’. इकडे उत्तरेत आग्रा, बरेली, राँची ही नावे त्याच हेतूने घेतली जातात. लंडनच्या बेथलेमवरून इंग्रजीत गोंगाटाला ‘बेडलम’ हा शब्द रूढ झाला, तीच ही तऱ्हा. त्या थट्टेमागे भिंत असते आणि भिंतीमागे माणूस. तो परप्रांतातला असेल तर त्याच्या दुर्दैवाला पारावार नाही. वैद्य विचारतात एका भाषेत, तो उत्तर देतो दुसऱ्या भाषेत. त्याचे बोलणे असंबद्ध आहे की केवळ परके आहे, हे ठरवायचे कोणी? घरचा पत्ता तो सांगतो; गावाचे नाव लिहिणाऱ्याला कळत नाही, पत्र जात नाही किंवा परत येते. परमुलुखात आजारपण आले की आपली भाषा बोलणारा एक माणूस भेटला तरी किती धीर येतो, हे या सभागृहातील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. हे मंडळ पन्नास वर्षांपूर्वी निघाले ते काय केवळ नाटकांसाठी? नव्याने आलेल्याला बिऱ्हाड मिळवून देणे, इस्पितळात डबा पोचवणे, कोणी वारले तर चार खांदे देणे, यांतूनच मंडळे उभी राहिली.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या निमित्ताने माझी एक नम्र सूचना आहे. कार्यकारिणीने तीन-चार सभासदांची एक छोटी समिती नेमावी. कायद्याचे जाणकार आपल्यात आहेत, निवृत्त डॉक्टर आहेत, मराठी शिकवणाऱ्या भगिनी आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र लिहून कळवावे की, येथील तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात मराठी बोलणारी कोणी व्यक्ती असल्यास आम्ही दुभाष्याचे काम करू, तिच्या गावी पत्र पाठवू, नातेवाइकांचा शोध घेऊ. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अशा बंदिवानाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तो मागण्यास त्याला साहाय्य करावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पुनरीक्षण मंडळांची तरतूद केली आहे. त्यांच्यापुढे अर्ज करता येतो. यात पैसा फारसा लागत नाही. चिकाटी लागते, सरकारी पत्रव्यवहाराचा अनुभव लागतो, आणि तो तर आपल्यापैकी निम्म्या घरांत पिढीजात आहे!

मराठी माणूस एकही न सापडला, तर तो आनंदच. मग जो सापडेल तो बंगाली असो, तेलुगू असो, त्याच्यासाठी त्या त्या मंडळाच्या मित्रांना निरोप द्यावा. शीला बारसे यांनी जात आणि भाषा विचारली नव्हती.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. जामीन देणे म्हणजे भावनेच्या भरात सही करणे नव्हे. वैद्यांचे मत घ्यावे, कुटुंबाची कुवत पाहावी, औषधपाण्याची व्यवस्था झाली आहे की नाही ते तपासावे, आणि ज्यांना त्या कृत्यामुळे दुःख भोगावे लागले त्यांचाही विचार करावा. काही वेळा ‘अजून नको’ हेच योग्य उत्तर असेल. परंतु तेही कोणीतरी जाऊन, पाहून, विचारपूस करून दिलेले उत्तर असावे. कोणी फिरकलेच नाही म्हणून आपोआप मिळालेले नसावे.

हॅडफील्डच्या ज्यूरीला एकेचाळीस वर्षांनी कोणी बोलावून विचारले नाही की, तुम्हाला हेच अभिप्रेत होते काय? आपल्याकडे तर ज्यूरीही नाही. ते काम आता नातेवाइकांचे आणि मित्रांचे आहे. समितीसाठी नावे द्यावयाची असल्यास व्याख्यान संपल्यावर कार्यवाहांकडे वही ठेवलेली आहे. पहिले नाव मी लिहिले आहे.